माकडाला मेडिकल नसते

मार्च उजाडला की लालबागच्या मिरची गल्लीत नाकाला रुमाल लावल्याशिवाय शिरता येत नाही. ब्याडगी, संकेश्वरी, काश्मिरी, पांडी असे मिरच्यांचे ढीग, मागे डंकांचा आवाज, आणि वर्षभराचा मसाला करून न्यायला गिरगावापासून डोंबिवलीपर्यंत कुठून कुठून आलेल्या बायका. चाखून बघणारी एखादीच. बाकी सगळी पारख डोळ्यांची. ही तेजदार लाल, ती काळपट, ही कडेने पांढुरकी पडलेली म्हणजे गेल्या सालची, हिचा देठ अजून हिरवा. लालातले हे बारीक भेद पाहणारा डोळा माणसाने मसाल्यासाठी कमावलेला नाही. तो त्याला माकडांच्या घराण्यातून आयता मिळाला आहे, आणि त्या वारशात एक खोटही बरोबर आली आहे. त्या खोटीपायी आपल्याकडे दरवर्षी धडधाकट पोरे हातातोंडाशी आलेल्या नोकरीतून बाद होतात.

आधी वारशाचे पाहू. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच जातींच्या असतात. गाय, कुत्रा, हरीण, बिबट्या ही सगळी मंडळी लाल आणि हिरवा यांत फारसा फरक करू शकत नाहीत. नारिंगी वाघ चितळाला गवतातच विरघळलेला दिसतो तो त्यामुळे. झाडावरचा वानर मात्र त्याला हेरतो आणि खाकरतो. त्याला उंच बसण्याचा फायदा आहेच, पण डोळाही निराळा आहे. आशिया-आफ्रिकेतल्या माकडांच्या आणि आपल्या सामाईक पूर्वजाच्या शरीरात, तीन-चार कोटी वर्षांपूर्वी कधीतरी, एका जनुकाची जादा नक्कल तयार झाली. मूळ आणि नक्कल यांत पुढे थोडे थोडे फरक पडत गेले आणि डोळ्याला तिसरी पेशी मिळाली. एक निळ्याकडची, एक हिरव्याकडची, एक लालकडची. शेवटच्या दोघींच्या संवेदनेतले अंतर जेमतेम ३० नॅनोमीटरचे, पण तेवढ्यावर पिकलेले आणि कच्चे वेगळे झाले.

कशासाठी हे टिकले, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. एक पक्ष म्हणतो, हिरव्या पानांतली पिकली फळे दिसावीत म्हणून. दुसरा म्हणतो, कोवळ्या पानांसाठी. उष्ण प्रदेशातल्या कितीतरी झाडांची नवी पालवी तांबूस असते, आणि फळे नसतील त्या दिवसांत तीच पोटाला आधार देते. लालबाग-परळच्या अर्ध्या घरांचे गाव कोकणात आहे, तेव्हा आंब्याची तांबूस पालवी वेगळी समजावून सांगायला नको. माकडे बागेत शिरून काय करतात तेही नको. मे महिन्यात गावाहून येणाऱ्या प्रत्येक फोनमध्ये ते असतेच. तिसरा पक्ष तोंडाकडे बोट दाखवतो: ऱ्हिसस माकडांचे चेहरे विणीच्या काळात लाल होतात, ती लाली दुसऱ्या माकडाला दिसली पाहिजे. तिन्ही कारणे थोडीथोडी खरी असायला हरकत नाही. एकाच कारणावर हटून बसणे हा माणसांचा सोस.

आता खोट. लाल आणि हिरव्याची ही दोन जनुके एक्स गुणसूत्राच्या टोकाला अगदी लागून बसलेली आहेत. जेरेमी नेथन्स यांनी १९८६ मध्ये ती प्रथम वेगळी काढून वाचली, तीही स्वतःच्याच डीएनएमधून. ३६४ अमिनो आम्लांच्या प्रथिनात दोघांमध्ये फरक पंधराएक ठिकाणी. बाकी सारे सारखे. चाळीत एकाच मापाच्या दोन खोल्या लागून असाव्यात आणि नव्या पोस्टमनने एकीचे पत्र दुसरीत टाकावे, तसे स्त्रीबीज तयार होताना होते. दोन एक्स गुणसूत्रे समोरासमोर येऊन तुकड्यांची देवाणघेवाण करतात, तेव्हा या जनुकांची जोडी सरकते. एका गुणसूत्राकडे एक जनुक जास्तीचे जाते, दुसऱ्याकडचे एक गळते. कधी अर्धे हे आणि अर्धे ते असे मिश्र जनुक बनते. मुलीकडे दुसरे एक्स असते, तिचे भागते. मुलाकडे एकच. त्याला लाल-हिरव्याचा घोळ होतो.

वडील मुलाला वाय देतात, एक्स देत नाहीत. म्हणून हा वारसा आजोळाकडून येतो: आईच्या वडिलांकडून आईमार्फत नातवाकडे. मामा-भाचे दोघेही असे असलेली घरे शोधली तर सापडतात. आईला स्वतःला काही कळत नाही, कारण तिला सगळे रंग नीट दिसतात. युरोपीय वंशाच्या पुरुषांत शंभरात आठ जणांना हा घोळ असतो. आपल्याकडच्या पाहण्यांत आकडा कमी येतो, साधारण दोन ते चार. तेही थोडके नव्हेत. गर्दीच्या वेळी दादरला थांबणाऱ्या एकाच लोकलमध्ये असे कितीतरी पुरुष असणार. याच गुणसूत्राच्या त्याच टोकाशी जी-सिक्स-पी-डी या विकराचे जनुक आहे. त्याची कमतरता पारशी समाजात जास्त आढळते, आणि म्हणून दादरच्या पारशी कॉलनीतल्या रुग्णाला मलेरियासाठी प्रायमाक्विनची गोळी देण्याआधी जाणता डॉक्टर दोन प्रश्न विचारतो; कमतरता असलेल्याला ती गोळी बाधू शकते. तिथे जनुकाची चौकशी आधी होते आणि गोळी मागून दिली जाते. रंगांच्या बाबतीत आपला क्रम नेमका उलटा आहे, पण त्याकडे नंतर वळू.

माणसात इतकी वाढलेली ही खोट रानातल्या माकडांत किती, हा प्रश्न मजेदार आहे. जपानी संशोधकांनी मकाक जातीच्या तीन हजारांहून जास्त माकडांची तपासणी केली. आपले लाल तोंडाचे माकड याच मकाक कुळातले. बोरिवलीच्या जंगलात भेटते ते. त्या हजारोंमध्ये लाल-हिरव्याचा घोळ असलेले सापडले तीन नर, सगळे जावा बेटावरच्या पंगांदरानचे. १९९९ मध्ये ‘नेचर’मध्ये ही बातमी छापून आली. माणसात शेकड्याने मोजण्याची गोष्ट तिथे हजारात शोधावी लागली. म्हणजे रानात जनुकांची गल्लत होत नाही असे नाही. झालेली गल्लत पुढच्या पिढ्यांत फारशी टिकत नाही, असे दिसते. कच्चे-पिके न ओळखणाऱ्याच्या वाट्याला तिथे रोज थोडे कमी येत असावे. माणसाने शेती केली, बाजार भरवला, बायकोला किंवा आईला मिरची निवडायला सांगितले, आणि खोट निभावून गेली. निदान असा एक तर्क आहे.

इथवर ऐकून कोणी म्हणेल, मग निसर्गानेच निकाल दिला, हा दोषच. अमेरिका खंडातली माकडे या निकालाला हरकत घेतात. तिथल्या बऱ्याच जातींमध्ये ती जादा नक्कल झालीच नाही. एक्सवर एकच जनुक, पण त्याचे दोन-तीन प्रकार. जिच्या दोन एक्सवर दोन वेगळे प्रकार आले ती मादी तिन्ही रंगांची धनी. बाकीच्या माद्या आणि सगळेच्या सगळे नर लाल-हिरव्यात कच्चे. एकाच कळपात, एकाच आईच्या पोटी, दोन तऱ्हांचे डोळे. ओरडी माकडांनी पुढे स्वतंत्रपणे जनुकाची नक्कल केली, रातमाकडांनी रंगांचा नादच सोडला. कोस्टा रिकातल्या सांता रोसाच्या रानात अमांडा मेलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅपुचिन माकडांचा वर्षानुवर्षे माग काढला. माकड पकडायचे नाही, सुई टोचायची नाही. खाली पडलेली विष्ठा उचलायची, तिच्यातून डीएनए काढायचा, आणि मग त्याच माकडाला झाडावर काय-काय खाताना पाहिले त्याच्याशी ताडून बघायचे. तिन्ही रंग दिसणाऱ्या माद्या फळे भराभर खातात, हे २०१७ मध्ये नोंदले गेले. पण त्याआधीच दुसरी गोष्ट दिसली होती: पानासारखे, सालीसारखे दडून बसलेले किडे पकडण्यात दोन रंगांची माकडे सरस. रंगाची भूल पडत नाही म्हणून त्यांना आकार आणि कड लवकर दिसते. माणसांवरही इंग्लंडमध्ये प्रयोग झाले. रंगांच्या ठिपक्यांनी दडवलेली आकृती लाल-हिरव्यात कच्च्या लोकांनी ओळखली, बाकीच्यांना ती दिसली नाही. १९९२ साली हे प्रसिद्ध झाले.

म्हणजे त्या रानात डोळा चांगला की वाईट हे कामावर ठरते. फळ तोडायचे असेल तर एक डोळा बरा, किडा धरायचा असेल तर दुसरा. कळपात दोन्ही राहतात.

मुंबईत काय होते? चित्र आपल्या ओळखीचे आहे. नायगावच्या किंवा करी रोडच्या घरातला मुलगा दहावी, आयटीआय करतो. रेल्वेच्या भरतीची जाहिरात निघते. तो क्लास लावतो, रात्री वाचनालयात बसतो, संगणकावरच्या लेखी परीक्षा पार करतो. मोटरमन होण्याच्या वाटेवरची पहिली पायरी म्हणजे सहायक लोको पायलट. यादीत नाव येते, घरी पेढे वाटले जातात. मग मेडिकल. टेबलावर एक वही उघडतात; पानापानावर रंगीत ठिपके, त्यात आकडा. पहिला बारा, तो सगळ्यांना दिसतो. पुढच्या पानावर बाकीच्यांना जो आकडा दिसतो तो याला दिसत नाही किंवा भलताच दिसतो. दोन मिनिटांत काम संपते. हा डोळा तो जन्मापासून घेऊन फिरत होता. त्याला, त्याच्या मास्तरांना आणि आईबापांना ते आज, विसाव्या-बाविसाव्या वर्षी कळते. ती वही टोकियोच्या शिनोबु इशिहारांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केली, जपानी सैन्याच्या गरजेतून. शंभर वर्षांहून जुनी, स्वस्त, बिनविजेची चाचणी. शाळेत ती कुणी दाखवली नाही.

गैरसमज नको. मोटरमनच्या बाबतीत अट शिथिल करा असे आम्ही म्हणत नाही. १८७५ मध्ये स्वीडनमधल्या लागरलुंडाला दोन गाड्या समोरासमोर धडकल्या, आणि फ्रिथियोफ होल्मग्रेन या शरीरशास्त्रज्ञाने संशय घेतला की कर्मचाऱ्याला सिग्नलचा रंग कळला नसावा. लोकरीच्या रंगीत लडी निवडायला लावून त्याने रेल्वेची माणसे तपासली. तिथून ही तपासणी जगभर गेली. परळ-दादरच्या पट्ट्यात एका गाडीमागे दुसरी काही मिनिटांच्या अंतराने धावते. पावसाच्या रात्री लांबून येणारा ठिपका लाल की हिरवा यावर हजारो लोक सुखरूप घरी जातात. इथे कामच रंगाचे आहे. रेल्वेच्या नियमांतही सगळ्या पदांना एकच माप नाही. गाडी चालवणाऱ्यांना ए-वन ही सर्वांत कडक श्रेणी, आणि कचेरीत बसणाऱ्याला रंगांची परीक्षा नाही. हा विवेक रेल्वेने केला, हे मान्य करायला हवे. गिरणगावातही तो होताच. बॉम्बे डाइंगचा धंदा १८७९ मध्ये सुरू झाला तो हाताने सूत रंगवण्याचा, रंग तीन: लाल, हिरवा, नारिंगी. लाल-हिरव्यात कच्च्या माणसाला त्या सुताच्या लडी निवडायला देण्यात शहाणपण नव्हते. पण कताई खात्यात साच्यावर उभे राहायला त्याला कोण अडवणार होते?

गाडी अडते ती जिथे काम रंगाचे नाही किंवा थोडेच रंगाचे आहे, तिथे. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे उदाहरण ताजे आहे. २०१५ मध्ये पाटण्याच्या एका तरुणाची चित्रपट संकलनाच्या अभ्यासक्रमासाठी निवड झाली, आणि वैद्यकीय तपासणीत त्याला नकार मिळाला. मुंबई उच्च न्यायालयात २०१६ मध्ये तो हरला. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये संस्थेला सांगितले की रंगदृष्टीच्या कारणावरून कुणालाही कुठल्याच अभ्यासक्रमातून वगळू नका. संकलकाचे काम दृश्य कुठे तोडायचे आणि कुठे जोडायचे हे. रंग सारखे करायला निराळा माणूस बसतो. कोस्टा रिकाच्या रानाने दिलेला निकाल आपल्या न्यायालयाला द्यायला सात वर्षे लागली, आणि या मुलाचे शिकण्याचे वय त्यात सरले. वाहन परवान्याचेही तसेच. सौम्य आणि मध्यम घोळ असलेल्यांना गाडी चालवायला परवाना मिळेल असा बदल केंद्राने केला तो जून २०२०मध्ये. तोवर असे हजारो लोक तोंड बंद ठेवून गाड्या चालवतच होते; सिग्नलचा वरचा दिवा लाल आणि खालचा हिरवा, हे त्यांना केव्हाच पाठ होते.

कायद्यातही या लोकांना खुर्ची नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार मोजले आहेत. त्यात हे नाहीत, म्हणून सवलत नाही. तंदुरुस्तांच्या यादीतही नाहीत, म्हणून पद नाही. दिव्यांगांत घाला असा आमचा आग्रह नाही. त्यांच्यातल्या बहुतेकांना तो पटणारही नाही. पण दोन्ही दारे बंद करून वर पुन्हा आधी सांगायचेही नाही, हे अति झाले.

दादर स्टेशनावर उभे राहून पाहा. पहिल्या वर्गाचा डबा जिथे येतो तिथे पिवळ्या-लाल तिरक्या पट्ट्या, बायकांचा डबा जिथे येतो तिथे पिवळ्या-हिरव्या. ज्याला लाल-हिरवा कळत नाही त्याला या दोन्ही पट्ट्या सारख्याच. तो चुकला तर पुढच्या स्टेशनावर काय होते ते मुंबईकराला सांगायला नको. पण डब्यावर बाईचे चित्र रंगवलेले असते, आणि तेवढ्याने त्याची अब्रू वाचते. कुणीतरी रंगाच्या जोडीला आकार दिला म्हणून. सिद्धिविनायक ते माहीम या पट्ट्यात २०२० मध्ये पादचारी सिग्नलवर घागऱ्यातली बाई आली, तेव्हा वर्तमानपत्रांत स्त्री-पुरुष समतेचीच चर्चा झाली. पण थांबलेली आणि चालणारी अशा दोन वेगळ्या आकृत्या असणे याचा उपयोग या पुरुषांनाही आहेच. भुयारी मेट्रो गिरगावातून जाते, तिला ॲक्वा लाइन म्हणतात. तीन क्रमांकाची म्हटले की काम भागते. आकडा, आकार, जागा यांपैकी एक काही रंगाशेजारी असले की पुरे. अधिक पैसे लागत नाहीत, आराखडा करणाऱ्याच्या डोक्यात ते असावे लागते. शाळेच्या पुस्तकातले नकाशे आणि आलेख छापणाऱ्यांनी हे मनावर घेतले तर भूगोलाच्या तासाला विनाकारण ‘मठ्ठ’ ठरणारी काही पोरे वाचतील. रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात ज्योतीचा रंग लिहायचा असतो, तिथेही.

परळने आनुवंशिकतेचा एक मोठा धडा जगाला दिलेला आहे. १९५२ मध्ये केईएममध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांना काही जणांच्या रक्ताचा नेहमीच्या कोणत्याच गटाशी मेळ बसेना. आज जग त्याला बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणते. त्या लोकांना ओ गटाचेही रक्त चालत नाही. मग आपण काय केले? त्यांना सदोष म्हटले नाही. त्यांच्या याद्या केल्या, एकमेकांचे दाते जोडून दिले, शस्त्रक्रियेआधी तपासायची सवय लावली. जनुकातला वेगळेपणा वेळेवर कळला तर त्याची व्यवस्था होते, हे याच परिसरात सिद्ध झाले आहे.

उपचार निघेल तेव्हा बघू, असेही कुणी म्हणेल. २००९ मध्ये अमेरिकेत जे नाइट्झ आणि सहकाऱ्यांनी डाल्टन आणि सॅम नावाच्या दोन स्क्विरल माकडांच्या डोळ्यांत माणसाचे लाल रंगाचे जनुक विषाणूवर बसवून सोडले. काही महिन्यांनी ही प्रौढ नर माकडे लाल-हिरवे ठिपके वेगळे ओळखू लागली. प्रयोग सुंदर, पण तो अजून आपल्या कुणाच्या डोळ्यापर्यंत पोहोचलेला नाही. दुकानात मिळणारे रंगीत चष्मे काही छटा ठळक करतात, डोळ्याला तिसरी पेशी देत नाहीत. ते लावून मेडिकल पास होता येत नाही, हे जाहिरातीत लिहिलेले नसते.

करायचे काम त्याहून पुष्कळ साधे आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली २०१३पासून शाळांतल्या मुलांचे दात, कान, हृदय, नजर तपासतात. ठरलेल्या आजारांच्या यादीत रंगदृष्टी नाही. पाचवी-सहावीच्या वयात एकदा ती वही दाखवायची, निकाल मुलाला आणि आईला नीट समजावून द्यायचा, प्रगतिपुस्तकात शेरा मारायचा नाही. मुंबई महापालिकेच्या शाळांपुरते हे पालिकेला स्वतःच्या अखत्यारीत सुरू करता येईल. डोळ्यांचे डॉक्टर, केईएम, नायर, शीव, सगळे तिच्याच घरचे आहेत. आणि रेल्वे, पोलीस, नौकानयन यांचे क्लास चालवणाऱ्यांनी फी घेण्याआधी हा प्रश्न विचारावा. लोको पायलटचा फॉर्म भरायच्या आधी मुलाने एकदा केईएमच्या नेत्रविभागात जावे. ओपीडीचा केसपेपर काढायला आणि ठिपक्यांची वही बघायला एक सकाळ जाते.